उंच ते खरे नव्हे

दिवाळीला आजोळी येताना मुली मिठाईचे पुडे आणतात. आमची भाची पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली. आम्ही सारे करंज्यांना मुरड घालीत बसलो होतो आणि ही कोपऱ्यात पडद्यावरचे डोंगर न्याहाळीत!

"हे काय गं?"

"गेल्या हंगामातले द्राक्षांचे आलेख, मामा. नव्या हंगामाआधी सॉफ्टवेअरला शिस्त लावतेय."

तिने समजावले ते असे. द्राक्षांचा अर्क बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो, यंत्र त्याच्या कणांचे वजन करते आणि कागदावर शिखर उमटते. नमुने ढीगभर, औषधे शेकडो. तेव्हा शिखरे निवडतो संगणक. पण त्याला उंचीची भारी ओढ. स्थळ पाहायला गेलेल्या आत्याबाईंसारखा तो उंच दिसेल त्यालाच पसंत करून मोकळा होतो!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपने आपली द्राक्षे नाकारली. तेव्हाची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी किलोंत एक किलो.

म्हणून भाची संगणकाला आधी वेळ ठरवून देते: या मिनिटाच्या आसपासच बघ, बाहेरचे कितीही उंच असो. शिवाय नमुन्यात त्या औषधाचा एक जड जुळा भाऊ मोजून घातलेला असतो. तो जवळजवळ त्याच क्षणी बाहेर येतो. वर औषधाच्या दोन तुकड्यांचे प्रमाणही जुळावे लागते. युरोपीय नियमांत वेळेला सहा सेकंदांची सूट, प्रमाणाला तीस टक्क्यांची.

"आणि तरी चुकलं, तर हातानं सरकवता येत नाही?"

"येतं ना! त्याचीच तर भीती."

गेल्या हंगामात एका नमुन्यात मर्यादेपेक्षा जास्त औषध दिसले. तिने पाहिले, तर जुळा भाऊ अर्धा मिनिट आधीच येऊन गेलेला. संगणकाने शेजाऱ्यालाच धरले होते. तेवढे एक शिखर सरकवून ती मोकळी होणार, तोच मोठ्या बाईंनी अडवले. वेळेची चौकट लहान करायची ती सगळ्यांसाठी, आणि सारे नमुने पुन्हा मोजायचे, पास झालेलेसुद्धा!

मोजले. पहिला बागाईतदार सुटला. पण आधी निर्दोष ठरलेला एक नमुना अडकला. तिथे संगणकाने उंच परक्याला निवडले होते, तुकड्यांचे प्रमाण जुळेना म्हणून 'औषध नाही' असा शेरा मारला होता, आणि खरे ठेंगणे शिखर बाजूलाच उभे होते.

"मग त्या दुसऱ्याला कळवलं कोणी?"

"मीच केला फोन." तिने लॅपटॉप मिटला. "पहिल्यांदा ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, पोरी, परत एकदा बघ. मी म्हटलं, काका, परत बघितलं म्हणूनच सापडलं."

तिने हात धुतले आणि एक लाटी पुढे ओढली.