वाडा पाडा, दप्तर ठेवा

पुण्याच्या पेठांतला एखादा वाडा पुनर्विकासाला निघाला की सागवानी खांब, दरवाजे, पितळी कड्यासुद्धा भाव करून विकल्या जातात. माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद मात्र कुणी विचारत नाही. वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतलेला असतो, मिळकत पत्रिकेवर नावं लागलेली असतात, करारनामा नोंदला जातो. त्याआधीचं सगळं रद्दी. त्यातही मोडी लिपीतलं आधी जातं, कारण घरात वाचणारं कुणी उरलेलं नसतं.

ही रद्दी थांबवा.

त्या ट्रंकेत खरेदीखतं असतात, गहाणखतं, वाटणीपत्रं, सिटी सर्व्हेची सनद, पिवळी पडलेली आखीव पत्रिका. खरेदीखतातली चतुःसीमा वाचून बघा: पूर्वेला कोणाचं घर, दक्षिणेला कुठला बोळ, विहिरीवर कोणाचा हक्क, सांडपाणी कुठून न्यायचं. एका आळीतली दहा खतं शेजारी मांडली तर कुठल्याही नकाशात नसलेली आळी कागदावर उभी राहते. गहाणखतांतून कोण कर्जात बुडालं आणि कोणाचा वाडा वाढला तेही उमगतं. आणि हक्कसोडपत्रं! वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात आणि पुढच्याच फेरफारात कमी होतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला. तो घरोघरी कसा सोडवून घेतला गेला, याचा इतका चोख पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही. (काही भावांना तो जपावासा वाटणार नाही, हेही समजतं.)

‘आता सगळं ऑनलाइन आहे,’ असं सांगितलं जातं. मिळकत पत्रिका घरबसल्या मिळते, उत्तमच. पण तिची सुरुवात सिटी सर्व्हेपासून; त्यामागची मालकी घरच्या कागदांतच शोधावी लागते. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांत किती दप्तरं चिखलात गेली याचा हिशोब कोणी ठेवला? जी वाचली ती आपण आता स्वतःच्या हाताने टाकतो आहोत.

व्यवहार म्हणूनही हा आतबट्ट्याचा सौदा आहे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरची सही आणि अक्षर न्यायालय खरं धरू शकतं. ही सवलत मूळ कागदाला आहे, झेरॉक्सला नाही.

तेव्हा ट्रंक पावसाळ्याआधी उघडा. कसर लागलेले कागद वेगळे काढा, बाकीचे सुती कापडात बांधा. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर नकोच. प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो घ्या. मूळ दस्त विकसकाला द्यावे लागले तर यादी करून पोच घ्या, आणि इमारत उभी राहिल्यावर ते सोसायटीच्या ताब्यात मागा. वकील मंडळींनी सर्च रिपोर्टबरोबर अशिलाला एवढं बजावलं तरी पुष्कळ होईल.

मोडी वाचणारी माणसं या शहरात आजही भेटतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले; आपल्याला सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत जायचं आहे. मूळ कागद द्यायचे नसतील तर निदान प्रती द्या.

आणि महापालिकेकडे एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू: वाडा पाडण्याची परवानगी देताना जुन्या दस्तांच्या स्कॅनचा एक संच पुराभिलेखागारात जमा करण्याची अट घाला.