मीटर कंपनीचा, मोटर आपली



गट कार्यालयात लागणीच्या नोंदीबरोबर हल्ली आणखी एक प्रश्न येतो : "साहेब, घरात फायबर घेतलंय. वायफायचा डबा कंपनीचाच ठेवायचा का आपला आणायचा?" ऊस विकास विभागाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण सातबारा, हवामानाचा अंदाज, मुलांचा अभ्यास हे सगळे आता त्या काचेच्या तारेतूनच घरात येते. म्हणून चार शब्द लिहितो.

माझे मत असे की, विहिरीवरच्या विजेचा जो हिशेब, तोच येथे लावावा. मीटर वीज कंपनीचा; पुढची मोटर, स्टार्टर, पाइप आपले.

फायबरच्या जोडणीत कामे दोन. पहिले, तारेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणे. हे करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. केंद्रातून निघालेली एक तार फाटे फुटून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत जाऊ शकते. घराकडून माहिती पाठवताना प्रत्येक यंत्राने आपल्या पाळीतच पाठवायची असते, अगदी पाटाच्या पाण्यासारखे. पाळी मोडणारे एक यंत्र साऱ्या फाट्याला त्रास देते. म्हणून केंद्रात प्रत्येक यंत्राची नोंद असते आणि बाजारातले कोणतेही आणून जोडले म्हणजे चालतेच असे नाही. हे यंत्र कंपनीचेच राहू द्यावे.

दुसरे काम घरभर वायफाय पुरवण्याचे, म्हणजे राउटरचे. पुष्कळदा दोन्ही कामे एकाच डब्यात असतात, म्हणून घोटाळा होतो. राउटर मात्र आपल्या मालकीचा असावा. उद्या कंपनी बदलली तरी तो घरातच राहतो. पासवर्ड आणि सुधारणा आपल्या हातात राहतात. जाड भिंतींच्या वाड्यात सोयीचे यंत्र निवडता येते; ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे २.४ अधिक पोचते.

यासाठी कंपनीकडे 'ब्रिज मोड' मागावा. म्हणजे त्यांचा डबा फक्त तार सांभाळतो, बाकीचे काम आपला राउटर करतो. लागत असल्यास जोडणीचे युजरनेम-पासवर्ड लिहून घ्यावेत. घरचा फोन त्याच डब्यावर असेल तर तो चालू राहील ना, हेही आधी विचारावे.

मालकी आली की जबाबदारीही आली. इंटरनेट बंद पडल्यास प्रथम राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, मगच तक्रार करावी. गोठ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. विजा कडाडताना तीच यंत्रे जाळते. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

आपला राउटर मागणे म्हणजे काही वावगे मागणे नव्हे. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकाला स्वतःचे यंत्र वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून त्यासाठी वेगळा कायदाच लागू झाला. आपल्याकडे करारातल्या अटी वाचूनच चालावे लागते. एकट्याने विचारले तर उत्तर टाळले जाते. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून लेखी विचारले तर ते द्यावेच लागते. हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तेव्हा सही करण्याआधी विचारा. तार जोडून झाल्यावर कोण ऐकतो?

— ऊस विकास अधिकारी