कूलरचे पाणी कोण बदलणार?



चैत्र लागला, गहू मंडीत जाऊन हातात चार पैसे आले की आपल्या माळव्यात आणि तिकडे ग्वाल्हेरच्या बाजूला घरोघर एक काम निघते. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, किंवा नवा विकत येतो. फडक्याने वरची धूळ पुसायची, टाकीत पाणी ओतायचे, बटण दाबायचे, की झाले! पुढे पाऊस पडेपर्यंत पाणी कमी झाले की वरून भर घालायची, एवढीच काय ती त्याची सेवा. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या घरात कूलरची निगा राखायला कोणी नाही, त्या घरात कूलर नसलेला बरा. हे वाक्य काहींना कडू लागेल, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

कूलर हे यंत्र काही अद्भुत नव्हे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आपल्या आजोबांच्या काळातले वाळ्याचे पडदे याच तत्त्वावर चालत. दुपारभर त्यांवर पाणी शिंपडायचे, दिवेलागणीला थांबायचे, रात्रीतून पडदा सुकून जायचा. त्यात सुख कमी होते, पण त्या पडद्यात पाणी आठ-आठ दिवस साचून राहत नव्हते. आता आपण पडद्याखाली टाकी बसवली, पंप लावला, पंखा लावला. सुख वाढले, आणि त्याबरोबर साचलेले पाणीही घरात आले.

बाहेर ४२ अंश उष्णता असेल आणि हवेत ओल अवघी २० टक्के असेल, तर चांगला कूलर साधारण २८ अंशांची हवा देतो. पण त्याचे गवत क्षारांनी कडक झाले असेल, मध्ये भोके पडली असतील, तर तोच कूलर ३३ अंशांवर अडतो. विजेचे बिल मात्र तेवढेच येते. म्हणजे निष्काळजीपणाची किंमत आधी आपल्याच खिशातून जाते.

दुसरी गोष्ट खिडकीची. "थंड हवा बाहेर जाईल" म्हणून सारी दारे-खिडक्या लावून घेणारी घरे पुष्कळ आहेत. कूलरची ओली हवा आत येते तेवढीच हवा समोरून बाहेर गेली पाहिजे. नाहीतर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकते, भिंतींना बुरशी धरते. घरातल्या हवेत ४० ते ६० टक्के ओल असावी. त्याहून फार कमी झाली तर घसा कोरडा पडतो, नाकाचा घोळणा फुटतो. फार वाढून तशीच टिकली तर बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे माजतात आणि दम्याच्या रोग्याचा जीव घाबरा होतो. म्हणून कूलर बाहेरची हवा ओढील असा खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर हवाच ओली असते. तेव्हा ३२ अंशांच्या हवेत कूलर दोन-तीन अंशांचाच फरक पाडतो आणि खोली मात्र गोठ्यासारखी दमट करतो. त्या दिवसांत पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास गटाराच्या घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्याला आपल्या घरातले स्वच्छ, साचलेले पाणी हवे असते. कूलरची टाकी म्हणजे त्याला आयते माहेरघर! ऊन कडक असले तर अंड्यापासून उडता डास तयार व्हायला आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही कमी, पुरतात. हा डास चावतो तोही दिवसा, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीने पुरते रक्षण होत नाही. त्यातून कूलरची टाकी खिडकीबाहेर लटकलेली. दृष्टीआड सृष्टी!

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओल्या कडेला चिकटवते. टाकी कोरडी पडली तरी ती अंडी महिनोन् महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासल्याच पाहिजेत. हंगाम संपल्यावर टाकी न घासता कूलर माळ्यावर टाकणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या डासांचे बियाणे जपून ठेवणे होय.

गावात तापाची साथ आली की आपण पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे धुराची गाडी मागतो. ती मागू नये असे मी म्हणत नाही. पण त्या धुराने उडते डास तेवढे मरतात. खिडकीतल्या टाकीमधल्या अळ्यांना तो पोचत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होतो. दरवर्षी १६ मे रोजी राष्ट्रीय डेंग्यू दिन पाळला जातो, भाषणे होतात. त्या भाषणांपेक्षा आठवड्यातला एक 'कोरडा दिवस' प्रत्येक घराने पाळला तर जास्त काम होईल.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. "उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि टाकीभर पाणी दर आठवड्याला ओतून द्यायचे?" त्याला उपाय सोपा आहे. शनिवारी टाकी धुवायची असेल तर शुक्रवारी तिच्यात भर घालू नये. कूलर चालता चालता पाणी आपोआप तळाला जाते. उरलेले बादलीभर पाणी मोठ्या झाडाच्या आळ्यात ओतावे. कूपनलिकेच्या जड पाण्यातले क्षार टाकीत साठत जातात, म्हणून ते कोवळ्या रोपांना घालू नये आणि जनावरांपुढे ठेवू नये. पंप चालू ठेवायचा असेल तर पाणी त्याच्या खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये, नाहीतर पंप जळतो. त्याखालचे पाणी हाताने काढावे.

क्षारांचा पांढरा थर काढायला व्हिनेगर किंवा लिंबाचे सत्त्व घातलेले पाणी तासभर भरून ठेवावे, मग घासावे. जंतुनाशक म्हणून ब्लीचिंग पावडर वापरता येते, पण ती आणि आंबट पदार्थ कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो. एकाने धुऊन, टाकी साफ खळबळून घेतल्यावरच दुसरे वापरावे. गवताचे पडदे दर हंगामाला नवे घालावेत.

साचलेल्या पाण्यातून हवेत काय जाऊ शकते याचे उदाहरण १९७६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात घडले. एका हॉटेलातल्या संमेलनाला आलेल्या माजी सैनिकांत न्युमोनियाची साथ पसरली आणि अनेक जण दगावले. १९७७ मध्ये त्यामागचा जंतू सापडला. त्याला लीजनेला म्हणतात. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. घरगुती कूलरचे पाणी चालू असताना थंडच राहते, म्हणून तेथे हा धोका थोडा आहे. पण बंद पडून उन्हात तापलेली, शेवाळलेली टाकी तशीच सुरू करू नये.

विजेबद्दलही सांगितले पाहिजे. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पोर, यांहून धोक्याची जुळणी दुसरी नाही. पाणी भरण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन काढलीच पाहिजे. तीन पायांची पिन आणि खरे अर्थिंग हवे. गळता प्रवाह ३० मिलिअँपिअरवर तोडणारा ब्रेकर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. कूलरच्या किमतीपुढे हा खर्च जास्त वाटला, तरी लेकराच्या जिवापुढे काहीच नाही.

शेतकऱ्याच्या घरात खोली एकच असते. तेथेच खाट, तेथेच गव्हाची पोती, तेथेच बियाण्याचा लसूण. साठवणीच्या गव्हात १२ टक्क्यांहून जास्त ओल नसावी. रोज दुपारी कूलरची ओली हवा पोत्यांवर येऊ लागली तर वाळवलेला दाणा पुन्हा ओल धरतो आणि कीड-बुरशीला आमंत्रण मिळते. धान्य आणि कूलर एका खोलीत ठेवू नयेत. नाइलाज असेल तर दाणा हवाबंद कोठीत तरी भरावा.

ताप आल्यास अंगावर काढू नये. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. तापाला पॅरासिटामॉल तेवढे योग्य, तेही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. ताप उतरला म्हणजे संकट टळले असेही समजू नये. त्याच वेळी पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार ग्लानी दिसली तर तडक दवाखाना गाठावा.

शेवटी, मथळ्यातला प्रश्न. कूलरचे पाणी कोण बदलणार? बहुतेक घरांत याचे न बोललेले उत्तर असते: घरची बाई. पाणी आणायचे तिनेच, भरायचे तिनेच, आणि आता टाकीही घासायची तिनेच. फवारणीचा पंप काम झाल्यावर धुऊन ठेवायचा असतो हे घरच्या पुरुषाला कळते. बैलाची दावण रोज साफ करायची हेही त्याला सांगावे लागत नाही. मग कूलर तेवढा बायकांचा कसा झाला? त्याच्या हवेत पहिली खाट तर त्याचीच असते! पाऊण तासाचे काम आहे. बापाने पिन काढून टाकी उतरवावी, थोरल्या मुलाने कडा घासाव्यात, धाकट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी.

येत्या शनिवारपासून हे सुरू करा. आणि स्वतःची टाकी झाली की शेजारच्या एकट्या म्हातारीच्या खिडकीतही एकदा डोकावून पाहा. डास कुंपण ओळखत नाही.