धर्मशाळेचा चौक



आमच्या भंडारा जिल्ह्यातील एका बाजारगावात जुनी धर्मशाळा आहे. ती पाडून दुकानांचे संकुल उभारावे, असा विषय विश्वस्तांपुढे आला आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येकाने त्या वास्तूत घटकाभर उभे राहावे, एवढीच विनंती.

दरवाजा रुंद आहे. नागपूर-रायपूर हमरस्त्याने येणारी धान्याची बैलगाडी मालासह आत येत असे. आत मोकळा चौक, एका अंगास विहीर, चहूबाजूंस सागवानी खांबांचे दालन आणि त्यामागे खोल्या. वर कवेलूंचे छप्पर. प्रत्येक खोलीचे दार चौकात उघडते. त्यामुळे एका रखवालदाराची नजर सर्वांवर राही आणि रात्री परका असलेला व्यापारी सकाळी ओळखीचा होई. पाणी गाळण्याचा ओटा विहिरीलगत, चुली निराळ्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास चौकाचा उजेड पुरेसा.

दूरदेशीही पांथस्थांसाठी अशीच रचना झाली. इंग्लंडमधील ग्लॉस्टर या बाजारपेठेच्या नगरात १४५० च्या सुमारास तेथील मठाने ‘न्यू इन’ ही पांथशाळा बांधली. राजा दुसरा एडवर्ड याच्या समाधीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंची तेथे सोय होई. लाकडी सांगाडा, मध्ये चौक आणि चौकाभोवती फिरणारे सज्जे. ती वास्तू आजही उभी आहे.

‘रिकाम्या धर्मशाळेचा खर्च कोणी सोसावा?’ हा विश्वस्तांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर मुंबईच्या हिराबागेत सापडते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी सी. पी. टँक येथे उभारलेल्या या धर्मशाळेतच तीर्थक्षेत्र कमिटीचे कार्यालय आले. नाथूराम प्रेमींचे हिंदी ग्रंथरत्नाकर कार्यालयही तेथूनच चालले. यात्रेकरूंच्या निवाऱ्याबरोबर समाजकार्य आणि ग्रंथप्रकाशन एकाच आवारात नांदले.

आपणही रस्त्याकडील खोल्या दुकानांस भाड्याने द्याव्यात, एका खोलीत ग्रंथालय करावे आणि उरलेल्या खोल्या शिकावयास आलेल्या मुलांना द्याव्यात. वाळवी लागली आहे ती खांबांच्या पायथ्याशी. तेवढा भाग कापून खाली दगडी बैठक देता येते. जाणत्या सुताराकडून खांब तपासून घ्यावेत, वास्तूचा नकाशा काढावा आणि मगच निर्णय करावा. दुकाने कोठेही बांधता येतील. पूर्वजांनी अनोळखी माणसासाठी मोकळा ठेवलेला चौक एकदा बुजला की पुन्हा मिळणार नाही.