तंबूवाचून मुक्काम

डिसेंबरात नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढणाऱ्या पोरांच्या सॅका बघितल्या की तंबू विकणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पावसाचा पत्ता नाही, तरी दोन-अडीच किलोचं घर पाठीवर आहेच. वर कोकणकड्यावर पोचलं की कळतं, कातळात खुंटी शिरत नाही.

या दिवसांत रात्री खरी छळते ती जमीन. अंगातली ऊब ती बिनबोभाट ओढून घेते. त्यामुळे कॅरीमॅटमध्ये काटकसर नको. दुसरं दव. निरभ्र रात्री उघड्यावरच्या वस्तूंची उष्णता आभाळाकडे निघून जाते, त्या हवेपेक्षा गार पडतात आणि त्यांच्यावर पाणी धरतं. पहाटे स्लीपिंग बॅग ओली लागते ती त्यानं. वर नुसतं एक कापड असलं तरी बरंचसं भागतं.

म्हणून माझं मत ताडपत्रीला. ट्रकवरची नव्हे, ३ बाय ३ मीटरची सिलनायलॉनची. अर्ध्या किलोच्या आसपास भरते. दोन काठ्यांवर दोरी ताणायची, वाऱ्याकडची कड जमिनीलगत आणायची आणि खुंट्यांऐवजी धोंडे वापरायचे. कडी तुटली तर कोपऱ्यात सुपारीएवढा गुळगुळीत खडा घ्यायचा, कापड त्याच्याभोवती आवळायचं आणि त्या गळ्याला दोरी बांधायची. फाटत नाही, सुटत नाही. विंचू-किड्यांची धास्ती असेल तर आत एकट्यापुरती मच्छरदाणी टांगावी. बूट मात्र सकाळी झटकूनच घालायचे.

बिव्ही बॅग, म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक खोळ, हल्ली मिरवली जाते. वजनाला छान, पण आपल्या दमट हवेत अंगाची वाफ आतच जिरते आणि पाऊस न पडता माणूस भिजतो. हॅमॉक कोकणातल्या आमराईत राजेशाही. गडमाथ्यावर झाडं कुठली आणायची? शिवाय त्यात पाठीखालची स्लीपिंग बॅग दबून जाते आणि खालून वारा झोंबतो.

उघड्यावर झोपण्यात आपले खरे उस्ताद मेंढपाळ धनगर. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारा त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारा कुटुंबांचा तांडा, घोंगडीच्या भरवशावर असतो. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ. अंथरा, पांघरा, पावसात डोक्यावर खोळ करा. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. मला घोंगडी फार आवडते, पण ती जड. त्यांच्या वाड्याचं सामान घोड्यावर असतं, माझं माझ्याच पाठीवर.

एवढं सगळं करण्याआधी त्या गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे पायथ्याला विचारून घ्यावं. आणि जून ते सप्टेंबर हा सगळा हिशेब बाद. तेव्हा मी ताडपत्री घरी ठेवतो, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकतो आणि सकाळी पिठलं-भाकरीचे पैसे देऊन निघतो.