घरगुती कला : मोडक्या तिफणीचा प्रश्न

गेल्या महिन्यांत रिसोडाहून एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानी आहे. त्यांतील मतलब तेवढा येथें देत आहों. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांच्या एकत्र कुटुंबांतील सात मुलें, दोघी जावा आणि सासूबाई अशीं सर्व मंडळी गांवाबाहेरच्या शेतांतील दोन खोल्यांच्या घरीं महिनाभर राहावयास गेली आहे. मुलें पुण्या-नागपुराकडचीं. पहिले दोन दिवस विहीर, आंबा आणि गाईचें वासरूं यांत गेले; तिसऱ्या दिवशीं कंटाळा आला. शेतांत फोनला नीट रेंज मिळत नाहीं, हें बाई दुःखानें लिहितात कीं आनंदानें, तें अक्षरावरून कळत नाहीं. मग थोरल्या पुतणीनें गोठ्यामागची पडवी उघडली. आंत मोडकी तिफण, गाडीच्या चाकाचे आरे, फुटका रांजण, कंदिलाच्या कांचा, पत्र्याचे डबे, जुन्या दाराची एक फळी असा कित्येक वर्षांचा संसार पडलेला. यांतून कांहीं कलाकुसर करावी असें मुलांनीं ठरविलें आणि करवत आणली. तोंच सासूबाई दारांत येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "त्या तिफणीला हात लावूं नका." तिफण मामंजींच्या वेळची, मामंजी आज हयात नाहींत. पत्राचा शेवट असा आहे : "तिला तशीहि वाळवी खातेच आहे. मुलांना काय सांगूं?"

तिफणीचा निकाल देण्यापूर्वीं करवतीविषयीं बोललें पाहिजे, कारण घोटाळा तेथून सुरू होतो. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द हल्लीं शाळेपासून महिलामंडळापर्यंत सर्वत्र ऐकूं येतात, आणि त्यांच्या नांवाखालीं जें निघतें तें बहुधा फसवें असतें. बाटली फुकटची, तिला लावावयाचा सोनेरी रंग, चमकी, गोंद आणि आरसे मात्र बाजारांतून विकत आणावयाचे. ती वस्तु पंधरा दिवस कपाटावर बसते आणि मग केरांत जाते. आधीं ती बाटली निदान भंगारवाल्यानें तरी घेतली असती. आतां तोहि घेत नाहीं. कांचेला आपण कांच आहों याची लाज वाटावी, अशा तऱ्हेनें तिला मढविण्यांत कला कोठें आली?

थोर चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) यांनीं उतारवयांत निराळाच खेळ मांडला. इकडे तिकडे पडलेल्या वाळक्या फांद्या, मुळ्या, लांकडाचे ढलपे ते उचलून आणीत आणि त्यांतून लहान लहान आकृति करीत. त्यांना ते 'कुटुम-काटाम' म्हणत. एखाद्या बेचक्यांत त्यांना पक्षी दिसे, एखाद्या मुळींत जनावर. मग ते त्या लांकडाला जेमतेम हात लावीत. कोठें टोक उडवीत, कोठें दुसरी काडी जोडीत. काम सारें पाहण्याचें. ज्यांच्या कुंचल्यानें बंगालच्या चित्रकलेला वळण दिलें, त्यांना काटक्या गोळा करण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

तेव्हां मुलांना पहिली सूचना ही, कीं एक दिवस करवत, कात्री आणि गोंद यांना सुटी द्यावी. पैनगंगा तालुक्यांतूनच वाहते. वैशाखांत तिचें पात्र बरेंचसें उघडें पडतें. एके दिवशीं पहांटे मुलांना तिकडे न्यावें. आपला मुलूख लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा. त्या दगडांतून सुटलेल्या पांढऱ्या, तांबूस, पट्टेदार गारगोट्या नदीच्या वाळूंत सांपडतात. शेताच्या बांधावर पळसाचीं पानें, बहाव्याच्या शेंगा, चिंचोके, एखादें गळून पडलेलें सुगरणीचें घरटें. आणि तुराट्या-पऱ्हाट्या तर हव्या तितक्या. प्रत्येकानें एकच वस्तु आणावी आणि रात्रीं दिव्याजवळ ती चोहों अंगांनीं फिरवून कशासारखी दिसते तें सांगावें. सात मुलांत सात मतें पडतील; भांडणहि होईल. होऊं द्यावें.

हाताशीं असेल तेंच सामान घ्यावें आणि तें झांकूं नये, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांत फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाच्या सजावटीसाठीं गांधीजींनीं शांतिनिकेतनाहून नंदलाल बसु यांना बोलाविलें, आणि खेड्यांत मिळणाऱ्या सामानानें व खेड्यांतल्या कारागिरांच्या हातांनीं सारें व्हावें असा आग्रह धरला. नंदलालबाबूंनीं बांबू-गवतासारख्या साध्या सामानांतून तेथील शोभा उभी केली. बांबूचें महाद्वार बांबूचेंच दिसे; राजवाड्याचें सोंग त्याला दिलेलें नव्हतें. त्याच वर्षीं एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले. (हें शेगांव गजाननमहाराजांचें नव्हे, वर्ध्याकडील शेगांवाचें नांव १९४० मध्यें सेवाग्राम झालें.) तेथील बापूकुटी मूळची मीराबेन यांची. तिच्या मातीच्या भिंतींवर ताडाचीं झाडें, मोर, चरखा हीं त्यांनीं उठावांत काढलीं आहेत. जी माती भिंतीची तीच मोराची. बाहेरून आणलेलें कांहीं नाहीं. रिसोडच्या शेतघराची एखादी भिंत मातीची असेल, तर सारवणाच्या दिवशीं मुलांना तिचा हातभर तुकडा तोडून द्यावा आणि मोठ्यांनीं तिकडे पाहूं नये.

पण फैजपूर-सेवाग्रामपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. वऱ्हाडांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. सासूबाईंच्या लहानपणीं ती घरोघर बसत असेल. मातीच्या भुलाबाई-भुलोजींवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा करीत. त्याच धांड्याची साल सोलून आणि आंतल्या मऊ गराला सालीच्या काड्या टोंचून मुलें बैलगाड्या बनवीत. खिळा नाहीं, गोंद नाहीं. आज त्या शिवारांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन पसरलें आणि धांडा दुर्मिळ झाला. सोयाबीनच्या कुटारांतून बैलगाडी निघत नाहीं! तुराट्यांची निघेल कीं नाहीं, हें सासूबाईंना विचारून पाहावें. ज्या आज करवतीला आडव्या आल्या, त्याच उद्यां मुलांच्या मध्यें बसून काड्या सोलतील असा आमचा अंदाज आहे. मात्र कोणीतरी विचारलें पाहिजे.

दुसरें त्यांच्याच पिढीच्या हातचें काम म्हणजे कागदाच्या लगद्याची टोपली. रद्दीचे बारीक तुकडे करून तीन-चार दिवस पाण्यांत भिजवावे, पाणी रोज बदलावें, मग पिळून उखळांत मऊ होईपर्यंत कुटावें. भिजविलेल्या मेथ्या वाटून त्यांत मिसळाव्या. त्यांनीं चिकटपणा येतो आणि किडीचा त्रासहि कमी होतो. पालथ्या घमेल्यावर ओलें फडकें पसरून त्यावर लगदा सारखा थापावा, सावलींत सुकूं द्यावा आणि मग ऊन दाखवावें. चकचकीत मासिकांचा कागद नीट भिजत नाहीं, तो वगळावा. हें लिहितांना आम्हांस थोडें अवघड वाटतें. छापील शाईमुळें या टोपलींत खाण्याचा पदार्थ उघडा ठेवूं नये. सुताचीं रिळें आणि पत्रें यांना ती उत्तम.

आतां पडवींतील दोन वस्तूंना मात्र मुलांचा हात लागूं देऊं नये. पत्र्याच्या डब्यांत एखादा जरी फवारणीच्या औषधाचा असला, तरी तो कितीहि धुतला म्हणून खेळण्याच्या कामाचा नाहीं. कपाशीच्या मुलुखांत हें सांगावें लागू नये, पण सांगत आहों. आणि दाराच्या फळीवर जुना तैलरंग असेल तर तो खरवडूं नये, घांसूं नये. पूर्वींच्या रंगांत शिसें पुष्कळ असे; घरगुती रंगांत तें दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावें हा आपल्याकडील नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. फळी ओल्या फडक्यानें पुसावी आणि तशीच ठेवावी.

राहिली तिफण. सासूबाईंचें म्हणणें आम्हांस मान्य आहे, पण अर्धेंच. तिला करवत लावूं नये हें खरें. तिला वाळवीच्या स्वाधीन करून वर मामंजींची आठवण म्हणावें, हें खरें नव्हे. शिवाय सुशिक्षित घरांत एक गोष्ट सहज विसरली जाते. जमीन मामंजींची, तिफणहि त्यांनींच सुताराकडून करवून घेतली असेल. पण ती हांकली कोणीं? बहुधा सालगड्यानें. आणि मागून चाड्यावर मूठ धरून बी सोडीत गेली असेल ती त्याची बायको. त्या दोघांपैकीं कोणी गांवांत असेल तर सासूबाईंनींच निरोप धाडून त्यांना शेतावर बोलवावें, ओसरीवर बसवून चहा द्यावा, आणि मुलांनीं विचारावें : मूठ किती सैल धरावयाची? तीन नळ्यांत बी सारखें कसें पडे? चालतां चालतां नळी तुंबली तर कसें कळे? ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राच्या काळांत हें सांगणारीं माणसें थोडीं उरलीं आहेत, आणि तींहि वयस्कर आहेत.

ऐकून झाल्यावर मुलांनीं तिफणीचें चित्र काढावें. कोळशानें, पण प्रत्येक भाग मोजून आणि त्याचें नांव लिहून. मग सासूबाईंची परवानगी असेल तरच तिला उन्हांत काढावें, वाळवीची माती ब्रशानें झाडावी आणि जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. त्या आपोआप पेट घेऊं शकतात, म्हणून पाण्यांत बुडवून मग टाकाव्या. एखादा फण किंवा नळी खाऊन गेली असेल, तर मुलांनीं ती नवी करून बसवावी आणि नवी आहे हें दिसूं द्यावें. परवानगी नसेल, तर चित्रावर समाधान मानावें. पुढच्या वर्षीं पुन्हां विचारतां येईल.

चाकाचे आरे मात्र मुलांचे. त्यांवर कोणाचा हक्क दिसत नाहीं. ते उभे केले असतां कशासारखे दिसतात, तें करवत लावण्यापूर्वीं आम्हांस कळवावें.