किमतीचा तक्ता म्हणजे इतिहास नव्हे : प्रोग्रामेबल चिपच्या 'स्वस्ताई'ची उलटतपासणी

१/
शाहिस्तेखानाच्या सुभेदारीत बंगालमध्ये रुपयाला आठ मण तांदूळ मिळे, ही आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. इतिहासाचा गंभीर वाचक तिच्यावरून लगेच सुबत्तेचा निष्कर्ष काढत नाही. मण कोणता, भाव सुगीचा की टंचाईचा, आणि मजुराच्या हाती महिनाकाठी रुपये किती पडत, हे तो आधी विचारतो.

२/
तंत्रज्ञानाचा इतिहास समोर आला की मात्र हीच चिकित्सक बुद्धी रजेवर जाते. प्रोग्रामेबल चिपच्या किमतींचे तक्ते मोठ्या उत्साहाने पुढे पाठवले जातात. त्यांत एका बाजूला वर्ष, दुसऱ्या बाजूला 'प्रति गेट दर' आणि मध्ये सतत उतरत जाणारी रेषा असते. जी चिप स्वस्त झाली तीच जिंकली, हा निष्कर्षही ठरलेला. हा धागा त्या निष्कर्षाविरुद्ध आहे.

३/
आधी व्याख्या. सर्वसाधारण चिपचे कार्य कारखान्यातच कायमचे ठरते. प्रोग्रामेबल लॉजिक चिप ही त्या मानाने कोरी पाटी असते. तिच्या आतील जोडण्या कशा असाव्यात हे विकत घेणारा अभियंता ठरवतो. या स्वातंत्र्याचे मोल चिपच्या छापील किमतीत कितपत दिसते, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

४/
पहिला आक्षेप एककावर. झायलिंक्स कंपनीच्या स्पार्टन-३ मालिकेतील एक्ससी३एस२०० ही चिप पाहा. कंपनीच्याच हिशेबाने तिच्यात २,००,००० 'सिस्टिम गेट' आहेत आणि ४,३२० 'लॉजिक सेल' आहेत. प्रत्यक्ष सिलिकॉनवर मोजता येतील अशा लुकअप टेबल मात्र ३,८४०. 'लॉजिक सेल'चा आकडा या संख्येला १.१२५ ने गुणून आलेला आहे. एकाच वस्तूची ही तीन मापे. भाजक बदलला की 'प्रति एकक दर' पन्नास पटींहून अधिक बदलतो.

५/
'सिस्टिम गेट' हा आकडा चिपमधील स्मृतीसुद्धा गेटच्या हिशेबात धरून फुगवलेला असे, आणि प्रत्येक उत्पादकाची मोजण्याची रीत वेगळी होती. म्हणून १९८५ चा गेट आणि २००० नंतरचा गेट एकाच रेषेवर मांडणे म्हणजे कच्चा मण आणि पक्का मण एकाच रकान्यात लिहिणे होय. साधनाची चिकित्सा न करता काढलेला आलेख कितीही सुबक असो, तो पुरावा ठरत नाही.

६/
दुसरा आक्षेप : तुलना कोणाशी? १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या कंपनीत जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी 'पाल' ही चिप सिद्ध केली. तिच्याआधी सिग्नेटिक्सची अधिक लवचिक चिप बाजारात होती. पण ती मंद, आकाराने मोठी आणि महाग होती. बर्कनर-चुआ यांनी लवचिकतेचा अर्धा भाग जाणूनबुजून गोठवला आणि त्या बदल्यात वेग व लहान आकार मिळवला.

७/
तरीही सुट्या टीटीएल चिपशी नगाला नग तुलना केली, तर पाल महागच होती. ती टिकली, कारण एक पाल अनेक टीटीएल चिपची जागा घेई. बोर्डावरील जागा, डाखणीचे सांधे, गोदामात साठवायचे वेगवेगळे भाग, हे सारे त्यामुळे कमी झाले. हा लाभ चिपच्या किमतीच्या रकान्यात दिसतच नाही. तो अन्य रकान्यांत विखुरलेला असतो.

८/
डेटा जनरल कंपनीच्या टॉम वेस्ट यांच्या गटाने एक्लिप्स एमव्ही/८००० हा संगणक (१९८०) घडवताना पाल वापरल्या. त्या वेळी ही चिप नवीन होती आणि पुरवठा वेळेवर होईल याची खात्री नव्हती. तरीही हा धोका पत्करला गेला, कारण शर्यत डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स या संगणकाशी होती आणि खरी टंचाई वेळेची होती. ट्रेसी किडर यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात ही सारी धडपड नोंदवली आहे.

९/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद. 'लाखो नग विकायचे असतील, तर नगाची किंमतच सर्वस्व असते.' हे खरे आहे आणि त्याचा पुरावा सिंक्लेअर यांचा आहे. १९८० च्या झेडएक्स८० या संगणकात २१ चिप होत्या. १९८१ च्या झेडएक्स८१ मध्ये त्या ४ वर आल्या, कारण फेरांटी कंपनीच्या एकाच यूएलए चिपने उरलेल्यांचे काम उचलले. जोडून तयार असलेल्या संगणकाची किंमत ९९.९५ पौंडांवरून ६९.९५ पौंडांवर उतरली.

१०/
पण हे उदाहरण नीट वाचा. यूएलएमधील शेवटचा धातूचा थर ग्राहकासाठी कारखान्यातच घडवावा लागे. त्याचा एकरकमी खर्च आधी भरायचा आणि चूक निघाली तर तो पुन्हा भरायचा. झेडएक्स८१ पंधरा लाखांहून अधिक विकला गेला, म्हणून हे गणित जुळले. पाच-पन्नास यंत्रे बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला या स्वस्ताईचे दार बंदच होते.

११/
काल्पनिक आकडे घेऊन हे पडताळू. समजा, कारखान्यात घडवून घेतलेल्या चिपचा एकरकमी खर्च १०,००,००० रुपये आणि नंतर प्रत्येक नग ५० रुपये. प्रोग्रामेबल चिपचा एकरकमी खर्च शून्य, नग ४५० रुपये. दोन्ही वाटा २,५०० नगांवर समान पडतात. त्याच्या आत नऊपट 'महाग' चिप स्वस्त आहे आणि त्याच्या पुढे ती महाग आहे. नगसंख्या न सांगता 'स्वस्त कोणती?' हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

१२/
तिसरा आक्षेप चुकीच्या किमतीवर. जुन्या पालमध्ये फ्यूज जाळून जोडण्या ठरत. एक फ्यूज चुकीचा जळाला की चिप केराच्या टोपलीत. १९८५ मध्ये लॅटिस कंपनीची 'गाल' चिप आली. ती विजेने पुसून पुन्हा लिहिता येई आणि अनेक प्रकारच्या पालची जागा एकटी घेई. शिकाऊ अभियंत्याच्या दृष्टीने येथे चुकण्याचा दर उतरला. तक्त्यात या दरासाठी रकाना नसतो.

१३/
त्याच वर्षी झायलिंक्सने एक्ससी२०६४ ही पहिली व्यापारी एफपीजीए चिप आणली. तिच्यात केवळ ६४ लॉजिक ब्लॉक होते आणि त्यांसाठी मोठा सिलिकॉन खर्ची पडत असे. ट्रान्झिस्टर स्वस्त होत जातील, तेव्हा ते उधळायला हरकत नाही, ही रॉस फ्रीमन यांची पैज होती. ती चिप वीज जाताच सारे विसरे, म्हणून प्रत्येक वेळी रचना भरण्यासाठी बाहेरची स्मृती लागे. तिचा खर्चही तिच्याच खात्यावर मांडायला हवा.

१४/
चौथा आक्षेप अवजारांवर. पालसाठी लागणाऱ्या पालाझम या सॉफ्टवेअरची फोरट्रान संहिता मोनोलिथिक मेमरीजने आपल्या हस्तपुस्तिकेत छापून टाकली होती. पुढे मात्र चिप ज्याची, सॉफ्टवेअरही त्याचेच आणि संहिता कुलूपबंद, अशी रीत रूढ झाली. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ यांच्या आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस४० चिपची अंतर्गत रचना उलगडली आणि मुक्त अवजारांनी ती चिप वापरणे शक्य केले. चिप तीच राहिली. विद्यार्थ्याच्या आवाक्यात ती यावी यासाठी अडसर मात्र दुसऱ्यांनीच दूर केला.

१५/
पाचवा आक्षेप काळाचा. २०२४ च्या आरंभी एएमडीने, म्हणजे झायलिंक्सच्या नव्या मालकाने, कूलरनर, स्पार्टन-२ आणि स्पार्टन-३ या जुन्या मालिका बंद करण्याचे जाहीर केले. ज्यांनी त्यांवर रचना बेतल्या होत्या, त्यांना साठा करून ठेवणे किंवा नव्याने आखणी करणे एवढेच पर्याय उरले. खरेदीच्या दिवशीची स्वस्ताई पंधरा वर्षांनी कोणाच्या खात्यात कर्ज म्हणून मांडली जाते, हे तक्ता सांगत नाही.

१६/
याउलट, आपल्या पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण पाहा. तिच्या सुधारित संकेतप्रक्रिया यंत्रणेत एफपीजीए बोर्ड ग्राफिक्स प्रोसेसरच्या जोडीने काम करतात. अशा वेधशाळेला हवे असतात थोडेच बोर्ड, पण काम नवे पडेल तशी त्यांची रचना बदलता आली पाहिजे. येथे नगाच्या किमतीवरून निवड करणे हास्यास्पद ठरले असते.

१७/
म्हणून माझा आग्रह स्पष्ट आहे. 'स्वस्त झाली म्हणून जिंकली' हे वाक्य इतिहास म्हणून खपवू नये. त्यात बर्कनर-चुआ यांची तडजोड, वेस्ट यांचा धोका, फ्रीमन यांची पैज आणि वुल्फ यांचे श्रम, सारेच पुसले जाते. उरते ती आपोआप घसरणारी एक रेषा, जणू माणसांनी काही ठरवलेच नव्हते. राजांच्या इतिहासात आपण दैवाला कारण मानत नाही. मग चिपच्या इतिहासात ते का मानावे?

१८/
पुढचा तक्ता समोर येईल तेव्हा चार प्रश्न विचारा. एकक कोणते? नग किती? चूक झाली तर भुर्दंड कोणावर? आणि चिपखेरीज आणखी काय विकत घ्यावे लागले? उत्तरे नसतील, तर तो तक्ता पुढे पाठवू नका. रुपयाला आठ मण तांदूळ ऐकून जो वाचक थबकतो, त्याने येथेही थबकायला हवे.